पुराव्याची टोपली

फळतोडणीचे दिवस आले की कारागिराच्या दारात बागवाल्यांची रीघ लागायची. कुणाला दहा टोपल्या हव्या असत, कुणाला वीस. गेल्या हंगामात कारागिरणीने सगळ्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं होतं, तरी यंदा माणसं पुन्हा आलीच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

"वहिनी, निदान चार तरी," एक बागवाला म्हणाला.

"ह्यांच्या हाताचं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

बागवाल्याने वाकून आत पाहिलं. कारागीर भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात जागच्या जागी होते. बागवाला बुचकळ्यात पडला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

बुचकळ्यात पडावं असंच होतं ते. दीड वर्षापूर्वी बांबू चिरताना कोयता निसटला आणि उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूने खोल गेला. टाके पडले, टाके निघाले, जखम भरली. बोटं पाचच्या पाच राहिली, पण त्यातलं एकही हलेना. रात्री कूस बदलताना तो हात दुसऱ्या हाताने उचलून ठेवावा लागे.

अपंगांचं मानधन मिळतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून कारागिरीण तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या शाईकाकांकडे गेली. शाईकाका म्हणजे अर्ज लिहून देणारे गृहस्थ. त्यांच्या बोटांना आणि सदऱ्याच्या खिशाला कायम शाई लागलेली असे. अर्जात एक रकाना होता, 'गमावलेल्या बोटांची संख्या'.

"किती गेली?" शाईकाकांनी विचारलं.

"गेलं एकही नाही. पण कामाचं एकही नाही."

"म्हणजे शून्य लिहू का पाच?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"शून्य लिहिलं तर काही मिळायचं नाही, आणि पाच लिहिलं तर खोट्या माहितीबद्दल तुम्हाला आत टाकतील."

दोघांनी मिळून त्या रकान्यावर अर्धी सकाळ घालवली. शेवटी शाईकाकांनी तिथे एक आडवी रेघ मारली. चार महिन्यांनी अर्ज परत आला. कारण लिहिलं होतं, 'रकाना रिकामा.' मग शून्य लिहून तो पुन्हा पाठवला. त्याला आता सात महिने होत आले होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली त्याला बहुधा लवकर निकाल मिळाला असावा.

तोवर घर कारागिरणीच्या अंगावर चाललं होतं. ती सकाळी फळं तोडायला जायची, संध्याकाळी भरून आलेले खांदे घेऊन परतायची. त्यात दिराने वेगळंच टुमणं लावलं होतं. घरामागे बांबूचं बेट होतं, दोघा भावांच्या समाईक मालकीचं. दिराला ते तोडून तिथे वीटभट्टी टाकायची होती.

"दादाला बांबू लागत होता तोवर मी शब्द काढला नाही, वहिनी," तो म्हणाला. "आता काय साप पाळायचेत त्यात? तुमचा हिस्सा माझ्या नावावर करा. वर्षाचं धान्य माझ्याकडून."

बोलणं वाकडं नव्हतं. दीर काही वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. पण कारागीर रोज सकाळी त्या बेटात जाऊन बसायचा. एखाद्या बांबूवर बोटाच्या पेरांनी टकटक करून ऐकायचा, हा यंदा चिरायला आला, तो अजून कोवळा आहे, असं स्वतःशी म्हणायचा. बेट गेलं तर हा माणूस बसेल कुठे आणि बघेल कशाकडे, हे कारागिरणीला सुचत नव्हतं. मानधन सुरू झालं तर दिराच्या धान्याची गरज नव्हती. नाही झालं, तर बेट जाणार होतं.

"कचेरीचा निकाल येऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "मग बोलू."

आणि त्याच आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. चौकशीसाठी हजर राहावे. सोबत व्यवसायाचा पुरावा आणावा.

पुरावा कसला आणायचा? कारागिरीण गावच्या चावडीत गेली. तिथल्या कारकुनाने वही उघडली. वहीत सुतार होते, लोहार होते, शिंपी होते, चक्क एक घड्याळदुरुस्तीवाला होता, ज्याला मरून नऊ वर्षं झाली होती. टोपल्या विणणाऱ्याचा रकानाच नव्हता.

"सुतार म्हणून देऊ का लिहून?" कारकून म्हणाला. "लाकूडच की शेवटी."

"नको," ती म्हणाली. तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कारागिराला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी तो हसला.

"एवढं काय त्यात," तो म्हणाला. "टोपली न्यायची. टोपलीपेक्षा मोठा पुरावा कुठला?"

"मग बागवाल्याकडून तुमची एखादी मागून आणते."

"दोन हंगाम फळं वाहिलेली? काठ उसवलेली? ती माझी म्हणून परक्या माणसापुढे ठेवू?" त्याचा आवाज चढला. "माझ्या हातची म्हणून दाखवायची तर नवी दाखवेन."

"आणि करणार कशी?"

दुसऱ्या दिवशी ती बागेत गेल्यावर त्याने कामाच्या खोपटाचं दार आतून लावून घेतलं. मग रोजच लावू लागला. ती संध्याकाळी यायची तेव्हा खोपटाबाहेर ओल्या कामट्यांचा वास असायचा आणि तो हातावर पाणी घेत बसलेला असायचा. बघायला येऊ का, असं तिने एकदा विचारलं. "अजिबात यायचं नाही," तो म्हणाला. स्वयंपाक चालू असताना झाकण काढून बघणाऱ्याला ती जसं हटकायची, अगदी तसंच.

एकोणिसाव्या दिवशी त्याने टोपली तिच्या पुढ्यात ठेवली. बूड सपाट होतं, वीण घट्ट होती, काठ असा बांधला होता की कुठून सुरू झाला ते सापडू नये. फक्त एके ठिकाणी कामटीवर दातांचे व्रण होते. कारागिरीण टोपली मांडीवर घेऊन बसली आणि तिला रडू फुटलं. दीड वर्षात तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

कचेरीत चौकशीचा कारकून तरुण होता आणि मनाने चांगला होता. त्याने टोपली उलटीपालटी करून पाहिली.

"ही कुणी केली?"

"मी," कारागीर म्हणाला.

"ह्या हाताने?"

"तो मेलाय. ह्या." त्याने डावा हात पुढे केला.

"कधी?"

"परवाच झाली. एकोणीस दिवस लागले."

"अहाहा!" कारकुनाने शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली. तो आला, त्याच्यामागून आणखी दोघे आले. टोपली हातोहात फिरली. एकाने ती डोक्यावर घालून पाहिली. काय सुबक आहे, बाजारात असली मिळत नाही, असं सगळे म्हणाले. कारागीर मान खाली घालून उभा होता, पण त्याचे कान लाल झाले होते. कारकुनाने बराच वेळ काहीतरी लिहिलं, टोपलीच्या काठाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आणि म्हणाला, "ही इथे जमा राहील. तुमचं काम झालं असं समजा."

काम झालं असं समजून दोघं घरी आली. कारागिरणीने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने गावाला सांगितलं, आणि दीर महिनाभर बेटाकडे फिरकला नाही.

दोन महिन्यांनी पत्र आलं. 'अर्जदार एका हाताने आपला व्यवसाय कौशल्याने करू शकतो, असे प्रत्यक्ष पुराव्यावरून दिसून येते. सबब अर्ज नामंजूर.'

कारागिरणीने ते पत्र शाईकाकांकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदाही तेच निघालं.

"पण त्यांनी तर कौतुक केलं," ती म्हणाली.

"कौतुकच आहे हे. लेखी कौतुक आहे."

"धंद्याचा पुरावा मागितला, तो दिला, तर हात चालतो म्हणतात?"

"हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय," शाईकाका म्हणाले. "अहो, टोपली कशाला नेलीत? पुरावा म्हणजे कागद! आता अपील करा. पण त्यात तुम्हाला टोपली होत नाही हे दाखवावं लागेल."

"झालेली टोपली होत नाही असं कसं दाखवायचं?"

"त्यालाच अपील म्हणतात," शाईकाका म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

घरी आल्यावर ती नवऱ्यावर बरसली. "जरा वाकडी केली असतीत तर काय बिघडलं असतं? हात देवाने नेला, पण तुमचा ताठा कुठे नेलाय?" शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात बोलली. तो ऐकत राहिला. तिला वाटलं होतं, तो उलट बोलेल. तसं झालं नाही म्हणून तिला जास्तच राग आला.

दीर ओशाळल्यासारखा दारात येऊन उभा राहिला. "अपिलाचा निकाल होईपर्यंत थांबतो, वहिनी. त्यापुढे मात्र नाही थांबता येणार."

मग अपिलाचे खेटे सुरू झाले. दर महिन्याला एक दिवस मजुरी बुडवून ती कचेरीत जायची. खिडकीतला माणूस कधी म्हणे, अपील ऐकणाऱ्या मॅडम रजेवर आहेत. कधी म्हणे, फाइल वर गेली आहे. दोन महिन्यांनी म्हणे, फाइल खाली आली आहे. कचेरी एकमजली कौलारू होती. फाइल वर जाते म्हणजे नेमकी कुठे जाते, हे बघायला कारागिरीण एकदा बाहेर येऊन छपराकडे पाहत उभी राहिली. तिथे एक तुटकी खुर्ची होती आणि कावळा होता. कुणाला विचारावं तर सगळे आपापल्या जागी बरोबर वाटत होते. खिडकीतला माणूस म्हणे तारीख मॅडम देतात, मॅडमांचा शिपाई म्हणे तारीख खिडकीवर मिळते. ती दोघांच्या मध्ये उभी राहायची आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत राहायचं. एकदा तर तिने रांगेतल्या एका पांगळ्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुमचं कधीपासून चाललंय?"

"माझं नाही," तो म्हणाला. "माझ्या थोरल्या भावाचं. तो गेला. आता मी त्याचा वारस म्हणून येतो."

घरी मात्र एक गोष्ट मनासारखी झाली होती. तिने कारागिराला बजावलं होतं, आता खोपटात पाऊल टाकायचं नाही. चौकशीचा माणूस न सांगता येतो म्हणे. कामटी हातात दिसली की संपलं. त्याने मुकाट्याने ऐकलं. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिचं म्हणणं पहिल्या फटक्यात कधी ऐकलं नव्हतं. उशिरा का होईना, शहाणपण आलं, असं तिने धरलं. पुढे पुढे तो चहा कपाने प्यायचा सोडून वाटी जमिनीवर ठेवून वाकून पिऊ लागला. सदऱ्याच्या गुंड्या तिच्याकडून लावून घेऊ लागला. एक दिवस लेंग्याची नाडी बांधायला त्याने तिला हाक मारली, तेव्हा ती हसली.

"अशीच सवय राहू द्या," ती म्हणाली. "मॅडमांपुढे उपयोगी पडेल."

"हं," तो म्हणाला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

चौदाव्या महिन्यात तारीख आली. अर्जदाराने साहित्यासह हजर राहून प्रत्यक्ष टोपली करून दाखवावी. कारागिरीण हरखली. ही तर सोन्यासारखी संधी होती. आदल्या दिवशी तिने त्याला समोर बसवून समजावलं.

"बूड धरू द्यायचं नाही. एक घातली की दुसरी सुटू द्यायची. मध्येच हात झटकायचा. आणि काही झालं तरी नीट करायची नाही. वाकडी करायची. कळलं?"

"मला वाकडी येत नाही."

"मग शिका. बेट हवंय ना तुम्हाला?"

"बघतो," तो म्हणाला.

मॅडम पोक्त होत्या, चष्म्यावरून बघायच्या. त्यांच्या टेबलाशेजारी ती टोपली होती, चिठ्ठी अजून काठाला होती. कुणीतरी तिच्यात फाटके कागद आणि चहाचे कागदी पेले टाकायला सुरुवात केली होती. कारागिराने एकदाच तिकडे पाहिलं आणि मग फरशीवर मांडी घातली. कारागिरणीने ओल्या गोणपाटातून भिजलेल्या कामट्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

तिने नवऱ्याला एका हाताने काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. त्याने मेलेल्या हाताचं कोपर चार कामट्यांवर दाबलं, त्यांची टोकं पायाच्या अंगठ्याखाली धरली आणि पाचवी कामटी डाव्या हातात घेतली. ती खालून वर काढताना अंगठ्याने दाबायची असते. अंगठा दबला नाही. कामटी उसळून त्याच्या हनुवटीवर बसली.

बरोबर, असंच, कारागिरीण मनात म्हणाली.

त्याने ती पुन्हा घातली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्याने कामटी दातांत धरली आणि मान तिरकी करून ओढली. कानामागून घाम ओघळून सदऱ्यात गेला. डावा हात मनगटापासून थरथरत होता. दोन कामट्या बसल्या, तिसरी घालताना पहिली निघाली. चौकशीवाला तरुण कारकून बाजूला उभा होता, तो खुदकन हसला. मॅडमांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला. कारागिरणीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. या माणसाला सोंग येत नाही, असं कोण म्हणेल!

पाऊण तास झाला. बुडाच्या चार काड्या कशाबशा एकमेकींत अडकल्या होत्या. त्याने ते उचलून बघितलं आणि सगळं खळकन सुटलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून मांडलं. कामटीला आता तांबडं लागलं होतं, ते हिरडीतून येत होतं.

"पुरे," मॅडम म्हणाल्या.

तो थांबला नाही.

"अहो, पुरे म्हणते ना मी."

एवढं नको, कारागिरणीला वाटलं, आता संशय येईल यांना. तिने घसा खाकरला. त्याने वर बघितलंच नाही. शेवटी मॅडम खुर्चीतून उठल्या, वाकल्या आणि त्यांनी त्याच्या हातातली कामटी काढून घेतली. ती त्यांना अगदी सहज काढता आली.

"मग ही टोपली कुणी केली?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या कुणीतरी, म्हणा. कारागिरीण देवाचा धावा करायला लागली. शेजाऱ्याने केली म्हणा, मामाने केली म्हणा.

"मीच केली," कारागीर म्हणाला.

"किती दिवस लागले?"

"एकोणीस."

"आणि पूर्वी?"

"सकाळी बसलो की जेवणाच्या आत एक व्हायची."

मॅडमांनी चष्मा काढून पुसला. मग खुर्चीत बसून त्या लिहू लागल्या. लिहिता लिहिता कारकुनाला म्हणाल्या, "एकोणीस दिवस हे तुम्ही कुठेच का लिहिलं नाहीत?"

"त्याला रकाना नव्हता, मॅडम," कारकून म्हणाला.

त्यांनी सही केली, शिक्का मारला. "मंजूर. पुढच्या महिन्यापासून मिळेल. पुन्हा तपासणीला यायला नको, कायम केलंय."

कारागिरणीला ते आधी कळलंच नाही. सगळीकडून 'नाही' ऐकायची इतकी सवय झाली होती की 'हो' कसं ऐकायचं ते ती विसरली होती. कारकुनाने कागद हातात दिला तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. ती मॅडमांच्या पाया पडायला निघाली, त्या नको नको म्हणाल्या. मग तिने कामट्या गोणपाटात गुंडाळल्या आणि नवऱ्याला जवळजवळ ओढतच बाहेर आणलं.

कचेरीच्या पायऱ्यांवर ती मटकन बसली. हसू आवरेना, रडूही आवरेना. "बेट वाचलं!" ती म्हणाली. "आज रात्रीच भावजींना सांगते. साप तर साप, पाळू आम्ही!" तो तिच्या शेजारी बसला होता. पदराने तिने त्याच्या ओठाला लागलेलं रक्त पुसलं. "आणि तुम्ही हो! घरात मला म्हणे वाकडी येत नाही. दात काय, घाम काय, हात काय थरथरवलात! मी बायको असून मला खरं वाटायला लागलं होतं. नाटकात जायला हवं होतं तुम्ही."

"सोंग नव्हतं ते," तो म्हणाला.

ती हसतच होती.

"सोंग नव्हतं. मी नीट करायला बसलो होतो. तुझं ऐकायचं नाही असं ठरवून बसलो होतो." त्याने डावा हात गुडघ्यावर उताणा ठेवला. अंगठा आत वळलेला होता. तो सरळ होत नव्हता. "हाही गेला."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ पायऱ्यांपर्यंत आली. कारागिरीण त्या हाताकडे बघत राहिली. चहाची वाटी, सदऱ्याच्या गुंड्या, लेंग्याची नाडी, सगळं तिला एकदम दिसलं, आणि आपण त्यावर हसलो होतो हेही दिसलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ती टोपली केली तेव्हापासून."

"दीड वर्ष? मग मला का नाही सांगितलंत?"

त्याने हात पुन्हा उपडा केला.

"तू अर्जात लिहिलं असतंस," तो म्हणाला.

तिने लिहिलंच असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने शाईकाकांकडे जाऊन, अगदी पहिल्या ओळीत लिहून घेतलं असतं.